पुरात बसलेल्या पद्मिनीचं वायरिंग घरच्या घरी कसं बदलावं

2019च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी 57 फुटांच्या वर गेलं, तेव्हा सांगलीतल्या आमच्या गल्लीत ते कमरेच्या वर होतं. माणसं, कागदपत्रं, शेगडी आणि देव वरच्या मजल्यावर गेले. वडिलांनी घेतलेली 1976ची प्रीमियर पद्मिनी गाडी पडवीतच राहिली. पाणी उतरलं तेव्हा डॅशबोर्डच्या खालच्या कडेला गाळाची सरळ रेघ होती.

इंजिन उघडून धुतलं, तेलं बदलली, गाद्या फेकल्या आणि दिवाळीच्या आत गाडी सुरू झाली. वायरिंगला मात्र मी हात लावला नाही. वाळलं की चालतंय, असं वाटलं. चाललंही दोन वर्षं, पण रोज एक नवी खोड काढत. उजवा इंडिकेटर दिला की पार्किंगचा दिवा लुकलुकायचा. ब्रेक दाबला की पेट्रोलचा काटा हलायचा. एक फ्यूज सारखा उडायचा, म्हणून मी त्याला सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळली. एका संध्याकाळी तासगाव रस्त्यावर डॅशबोर्डखालून धूर आला. बॅटरीचा क्लॅम्प ढिला होता, हातानं उपटता आला, म्हणून गाडी राहिली. चांदीचा शहाणपणा माझाच, त्यामुळे रागवायलाही दुसरं कुणी नव्हतं.

त्यानंतर मी वायरिंग पुरतं बदललं. पडवीतच, रविवार-रविवार करत, चार महिने लागले. पद्मिनी असो, अँबॅसिडर असो की जुनी जीप, कामाची पद्धत बरीचशी हीच राहते.

आधी ठरवा: डागडुजी की सगळं नवं

मिरजेत तारांचं काम म्हटलं की लोकांना सतार आठवते. मला मात्र तिथले एक जुने ऑटो इलेक्ट्रिशियन आठवतात. आम्ही त्यांना चाचा म्हणतो. मी धुराची कहाणी सांगायला लागलो, तर ते म्हणाले, “मधी काय शोधताय साहेब, टोकाला बघा की. तार टोकाकडनं मरती.”

वायर मधूनच तुटणं क्वचित घडतं. बिघाड असतो तो थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवायचं धातूचं टोक), फ्यूजची क्लिप, बल्बचा होल्डर, स्विचचा पॉइंट किंवा अर्थचा, म्हणजे करंट बॉडीतून बॅटरीकडे परत नेणाऱ्या जोडाचा, बोल्ट या ठिकाणी. त्यामुळे गाडी पुरात भिजलेली नसेल, तर सगळं वायरिंग उपटण्याआधी एक चाचणी करा. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, हेडलाइट लावा, लाल प्रोब बॅटरीच्या प्लसच्या खुंटीवर आणि काळा प्रोब बल्बच्या लाइव्ह टोकावर धरा. आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत हवा. मग बल्बची अर्थ आणि बॅटरीचा मायनस यांच्यात मोजा. तिथे 0.1 ते 0.2 व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर दोष अर्थचा. जास्तीचा प्रत्येक व्होल्ट वाटेतल्या कुठल्यातरी गंजक्या जोडात उष्णता होऊन जातोय. आता प्रोब एकेक जोड पुढं सरकवत न्या: फ्यूजच्या अलीकडे, पलीकडे, स्विचच्या अलीकडे, पलीकडे. आकडा जिथे उडी मारेल तिथे चोर सापडला. दिवा चालू असतानाच मोजायचं, कारण बंद सर्किटात सडकी वायरसुद्धा 12 व्होल्ट ठणठणीत दाखवते.

दुसरी चाचणी डोळ्यांची. जिथे संशय आहे तिथलं वायरचं टोक कापा आणि सोला. तांबं लालसर, चकचकीत निघालं तर नवं टोक लावून काम भागेल. काळं निघालं तर आणखी 10 सेंटिमीटर मागे कापून बघा. माझ्या गाडीत हातभर मागे गेलो तरी काळंच. दिव्याची वात तेल ओढते तसं बारीक तारांच्या जुडग्यात पाणी आत ओढलं जातं, आणि बाहेरचं प्लॅस्टिक धडधाकट दिसत असताना आत तांबं काळं-हिरवं होत राहतं. अशा वायरला डाख धरत नाही आणि थिंबल दाबलं तरी चांगला संपर्क होत नाही. एका सर्किटाच्या दोन्ही टोकांना काळं तांबं निघालं, की त्या सर्किटाला जोड देऊ नका, पूर्ण बदला.

प्लॅस्टिक वाकवल्यावर तडकत असेल किंवा उंदरांनी कुरतडलं असेल तरी हाच न्याय. उसाच्या पट्ट्यात तोडणी संपली की उंदीर घरांकडे वळतात. बंद उभी गाडी त्यांना आयतं घर.

सामान

घराच्या वायरिंगमधून उरलेली वायर वापरू नका. तिची तार त्या मानानं जाड असते, इंजिनच्या थरथरीनं टोकाशी तुटते, आणि तिच्या आवरणाला बॉनेटखालची उष्णता आणि तेल सोसत नाही. ऑटोची बारीक तारांची वायर घ्या. दिवे, हॉर्न, वायपर या प्रत्येकाला 1 किंवा 1.5 चौरस मिमी. दोन्ही हेडलाइटचा मुख्य पुरवठा 2.5, डायनामो किंवा अल्टरनेटरपासून बॅटरीकडे 4 ते 6. सेल्फची केबल आणि बॅटरीची अर्थ 25 ते 35 चौरस मिमी. फ्यूज उपकरणासाठी नसून वायर वाचवण्यासाठी असतो, म्हणून तो वायर बघून ठरवायचा: 1 चौरस मिमीला 10 अँपिअरच्या पुढं जाऊ नका, 1.5ला 15, 2.5ला 20. चांदी गुंडाळली की वायरच फ्यूज होते, हे मी बघितलंय.

बाकी लागतं ते असं: उघडी आणि आवरणाची थिंबलं, थिंबल दाबायची चांगली क्रिंपिंग पक्कड, हीट श्रिंक स्लीव्ह (तापवली की आक्रसून वायरीवर घट्ट बसणारी नळी), रबरी ग्रोमेट (पत्र्याच्या भोकात बसवायची कडी), कापडी टेप, दातेरी वॉशर, पांढरं पेट्रोलियम जेली, बारीक पॉलिश पेपर, खूणचिठ्ठ्या. पक्कडीत काटकसर करू नका. माझी पहिली पक्कड स्वस्तातली होती. तिनं दाबलेली सगळी थिंबलं ओढल्याबरोबर हातात आली आणि एक अख्खा रविवार वाया गेला. पीव्हीसीची चिकटपट्टी मुख्य गुंडाळीला नको. एप्रिलच्या उन्हात तिचा डिंक पाघळतो आणि सगळं वायरिंग चिकट गुळासारखं होतं.

सुटे भाग मिळवणं हा वेगळाच धंदा आहे. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर 2023च्या अखेरीस रस्त्यावरून उतरली. टॅक्सीच्या जिवावर चालणारा मालही तेव्हापासून आटत चाललाय. कुर्ल्यात, पुण्याच्या जुन्या बाजारात फिरलात तर जुना भाग हातात घेऊन जा, नुसतं तोंडी वर्णन करून चुकीचा भाग गळ्यात पडतो. बुश, स्पेसर, पितळी खुंटी असलं काही असेल तर शोधत बसण्यापेक्षा कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा कुपवाड एमआयडीसीतल्या लेथवर नमुना देऊन करून घेणं सोपं.

काढण्याआधीची वही

बॅटरी सोडवा. पद्मिनी मायनस अर्थची आहे, म्हणजे बॅटरीचा मायनस बॉडीला जोडलेला, म्हणून मायनस आधी काढायचा आणि शेवटी जोडायचा. प्लस आधी सोडवायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला, तर पाना वेल्डिंगच्या कांडीसारखा चिकटतो. काही जुन्या इंग्लिश गाड्यांत प्लस अर्थ असते. बॅटरीच्या केबली कुठे जातात ते डोळ्यांनी बघा, रंगावर विसंबू नका. हातातलं घड्याळ, कडं, अंगठी काढून ठेवा. जवळ 1 किलोचा एबीसी पावडरचा अग्निशामक असू द्या.

मग फोटो. प्रत्येक स्विचच्या मागचा, फ्यूज बॉक्सचा, प्रत्येक दिव्याचा, दोन कोनांतून. फोटोंइतकीच वही महत्त्वाची, कारण गाळानं सगळ्या वायरी एकाच रंगाच्या झालेल्या असतात. मी प्रत्येक वायरीला नंबराची चिठ्ठी लावली आणि वहीत तीन रकाने केले: कुठून, कुठे, जाडी किती. अँबॅसिडर मूळची मॉरिसची, त्यामुळे तिच्यात लुकासचे रंग भेटतात: तपकिरी म्हणजे बॅटरीचा थेट लाइव्ह, पांढरा इग्निशनचा, हिरवा इग्निशननंतर फ्यूजमधून जाणारा, निळा हेडलाइटचा, लाल पार्किंगचा, काळा अर्थ. पद्मिनी फियाटच्या वंशातली, तिथे हा तक्ता चालत नाही. कुठलीही गाडी असली तरी आधीच्या चाळीस वर्षांत हाताशी आली ती वायर कुणी ना कुणी लावलेली असतेच, म्हणून रंगाऐवजी मल्टिमीटरच्या बझरनं दोन्ही टोकं पटवा.

माझ्या वहीत सात वायरी अशा निघाल्या ज्या कुठेच जात नव्हत्या. कधीकाळच्या कॅसेट प्लेअरच्या, पंख्याच्या आणि एक चोरघंटीची. त्या पुन्हा टाकू नका.

सतरंजीवर

जुनं वायरिंग तुकडे न करता शक्यतो सबंध बाहेर काढा. हाच नव्याचा साचा. मी अंगणात सतरंजी अंथरून ते गाडीत असतं तसं पसरलं, वळणं आणि फाटे खडूनं आखून घेतले. प्लायवूडवर खिळे ठोकून केलं तर आणखी बरं. नवी वायर जुन्याच्या शेजारी ठेवून मापानं कापा, पण प्रत्येक टोकाला वीतभर जास्त. इंजिनकडे जाणाऱ्या वायरीत थोडी सैल जागा हवी, कारण इंजिन रबरी माउंटिंगवर हलतं आणि बॉडी हलत नाही.

सगळं एकदम करण्याची हौस आवरा. मी इंजिन-चार्जिंग, पुढचे दिवे, डॅशबोर्ड आणि मागची बाजू असे चार जुडगे केले. एक पूर्ण करून, तपासून मगच पुढचा घेतला.

टोक दाबताना सोललेली तार थिंबलाच्या नळीत पुरती बसली पाहिजे, एकही केस बाहेर नको. दाबून झालं की जोर लावून ओढा. निघालं तर बरंच झालं, आत्ता निघालं. चांगल्या दाबावर डाखाची गरज नाही. डाख तारांमध्ये शिरून टोक कडक करतो आणि तो जिथे संपतो तिथेच थरथरीनं वायर तुटते. कुठे डाख द्यावाच लागला, तर श्रिंक स्लीव्ह त्याच्या पुढं दोन बोटं न्या आणि वायर जवळच क्लिपनं बांधा. स्लीव्ह टोक दाबण्याआधी वायरीत ओवायची. हे मी किमान दहा वेळा विसरलो.

लोखंडी पत्र्यातून वायर जाते त्या प्रत्येक भोकाला नवं रबरी ग्रोमेट बसवा. जुनं ग्रोमेट दगड झालेलं असतं, त्यातून पत्र्याची धार वायरीला कातरते. बॉनेटच्या मागच्या पत्र्यातलं मोठं ग्रोमेट सर्वांत महत्त्वाचं, तिथून सगळा संसार आत येतो.

अर्थ

या कामात सगळ्यांत कमी खर्चाची आणि सगळ्यांत जास्त फळ देणारी गोष्ट हीच. दिव्याला जाणारा करंट जितका, तितकाच बॉडीतून परत यायला हवा. परतीच्या वाटेवर गंज आणि रंग असेल तर तो दुसऱ्या बल्बमधून वाट काढतो. माझा पार्किंगचा दिवा इंडिकेटरबरोबर लुकलुकायचा तो त्यामुळेच.

अर्थची प्रत्येक जागा उघडा. रुपयाच्या नाण्याएवढा रंग आणि गंज घासून चकचकीत पत्रा दिसू द्या, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळा, वरून पेट्रोलियम जेलीचा हात द्या. इंजिन आणि बॉडी जोडणारी विणलेली पट्टी तर नवीच घाला. ती तुटलेली असली तर सेल्फचा शंभर अँपिअरच्या वरचा करंट चोक किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून परतायला बघतो. चोकची केबल सेल्फ मारताना गरम लागली, तर ही पट्टी गेली असं समजा. मागच्या दिव्यांना बॉडीवर न विसंबता वेगळी अर्थ वायर पुढपर्यंत आणली. पुरात बुडलेल्या पत्र्यावर माझा भरवसा राहिला नाही.

हेडलाइटला रिले

जुन्या रचनेत हेडलाइटचा सगळा करंट डॅशबोर्डच्या स्विचमधून आणि डिपरमधून जातो. 55 वॅटचे दोन बल्ब म्हणजे 12 व्होल्टला 9 अँपिअरच्या वर. 1 चौरस मिमीच्या 5 मीटर वायरीतच त्यातला सुमारे 0.8 व्होल्ट मरतो, स्विचचे झिजलेले पॉइंट आणखी खातात. बल्बला व्होल्टेज 10 टक्के कमी मिळालं की उजेड सुमारे 30 टक्के घटतो. शिरोळ-कुरुंदवाडकडे रात्री उसाच्या बिनदिव्यांच्या ट्रॉल्यांमागून गाडी चालवली असेल, तर हा हिशोब पटेल.

म्हणून दोन रिले (छोट्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच), एक डिमसाठी, एक फुलसाठी. रिलेच्या 30 नंबरच्या पायाला बॅटरीकडून फ्यूजमधून 2.5 चौरस मिमीचा पुरवठा, 87 वरून बल्बकडे, 86 ला जुन्या डिपरची वायर, 85 अर्थला. आता स्विचमधून फक्त रिलेच्या कॉइलचा नगण्य करंट जातो आणि स्विच आयुष्यभर टिकतो. रिले पाय खाली करून बसवा, पाणी साचत नाही. मूळ रूप जपायचं असेल तर ते रेडिएटरच्या पाठीमागे नजरेआड राहतात.

100 वॅटचे बल्ब घालू नका. डायनामोच्या गाडीत तर नाहीच. एलईडी इंडिकेटर घातले तर जुना दोन पायांचा फ्लॅशर गडबडतो, कारण तो बल्बच्या करंटनं तापूनच टिकटिकतो.

हातासरशी बदलायचे छोटे भाग

फ्यूज बॉक्समधले जुन्या पद्धतीचे, बाहेरून पट्टी असलेले फ्यूज टोकाशी गंजतात आणि क्लिप तापून ढिली पडते. क्लिपा पॉलिश पेपरनं घासा, चिमट्यानं कस आणा, फ्यूज सगळे नवे घाला. क्लिपेचा ताण गेला असेल तर बॉक्सच बदला. बल्ब होल्डर, दरवाजाचे स्विच, हॉर्नचा पॉइंट यांत गाळ असतोच. ब्रेकच्या दिव्याचा स्विच तपासा, मागून येणाऱ्याचा जीव त्यावर आहे.

इग्निशनच्या डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट आणि कंडेन्सर जोडीनं बदला. पॉइंट लवकर जळत असतील तर संशय आधी कंडेन्सरवर घ्या. पॉइंटमधली फट फीलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मॅन्युअलप्रमाणे ठेवा. प्लगच्या जाड वायरी एका वेळी एकच काढून बदला, नाहीतर सिलिंडर पेटण्याचा 1-3-4-2चा क्रम चुकतो आणि गाडी फटाके फोडते. नंतर रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू करा. निळ्या ठिणग्या दिसल्या तर त्या वायरीतून गळती आहे.

पेट्रोलची रबरी नळीही याच वेळी बदला. हा वायरिंगचा भाग नाही, पण जळण्याचा आहे. आमच्याच कारखान्यांच्या मळीतून आणि उसाच्या रसातून बनणारं इथेनॉल आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत आहे, आणि जुन्या रबराला ते मानवत नाही. नळी फुगते, तडकते. इंजिनवरच्या पेट्रोल पंपातला पडदाही त्याच नजरेनं बघा. नवी नळी इथेनॉल चालणारी मागा आणि नळीजवळून एकही वायर नेऊ नका.

50 वर्षं पुरी झालेल्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंद करायची असेल तर 2021च्या केंद्रीय नियमांत चासी, बॉडी आणि इंजिन मूळ रूपात असणं बघितलं जातं. पण त्या नोंदीची गाडी रोजच्या वापराला चालत नाही. मला ती मंडईत न्यायची असते, म्हणून मी त्या वाटेला जाणार नाही.

पहिला करंट

सगळे स्विच बंद, फ्यूज सगळे बाहेर. बॅटरीचा प्लस जोडा. मायनस थेट न जोडता, खुंटी आणि केबल यांच्यामध्ये 21 वॅटचा इंडिकेटरचा बल्ब लावा. बल्ब पेटला नाही तर ठीक. लख्ख पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे, पण बल्बमुळे दोन अँपिअरच्या आतच करंट वाहतो, वायर जळत नाही. आता एकेक फ्यूज घालत जा. ज्या फ्यूजला बल्ब लख्ख होईल ते सर्किट तपासा. घड्याळ किंवा आतला दिवा असेल तर तो मिणमिणेल, त्यानं घाबरू नका. माझ्या वेळी पाचव्या फ्यूजला लख्ख पेटला. डिकीच्या दिव्याची वायर मी बिजागरीत चेमटवली होती.

सगळं शांत झालं की बल्ब काढून मायनस नीट आवळा. इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवेल. इंजिन चालू करून थोडी रेस दिल्यावर 13.8 ते 14.4 यायला हवं. डायनामोच्या गाडीत मंद वेगाला चार्जिंगचा लाल दिवा मिणमिणला तर चालतं, रेस दिल्यावर तो विझला पाहिजे. 15च्या वर गेलं तर व्होल्टेज रेग्युलेटर तपासून घ्या, नाहीतर बॅटरी उकळेल.

मग हेडलाइट लावून पंधरा मिनिटं इंजिन चालू ठेवा आणि फ्यूज बॉक्सवर, स्विचच्या मागे, प्रत्येक जोडावर बोट ठेवत फिरा. कोमट चालेल, चटका बसला तर ते टोक कापून पुन्हा दाबा. शंभर किलोमीटर झाले की सगळे अर्थचे बोल्ट आणि बॅटरीचे क्लॅम्प पुन्हा आवळा. माझे तीन ढिले निघाले, त्यातला एक बॅटरीचाच. तो आता आवळलाय आणि शेजारी हातानं फिरवायचा कटऑफ स्विच बसवलाय. डॅशबोर्डच्या कप्प्यात सहा सुटे फ्यूज असतात.